पन्हाळा आणि मसाई पठार एका फेरीत जमेल का? सप्टेंबरातली फुलं, गड आणि वडिलांचे गुडघे

पंचगंगेकाठ विचारते:

इचलकरंजीहून चौघं येणार आहोत, गाडी घरची आहे. सकाळी लवकर निघून रात्री परत असा बेत. फार तर एक मुक्काम पन्हाळ्यावर करू. वडील ६८ वर्षांचे आहेत. सपाटीला दीड-दोन किलोमीटर आरामात चालतात, पण उंच पायऱ्या उतरताना गुडघा धरतो. त्यांना गडाच्या इतिहासात रस, मला फुलांच्या फोटोंत.

विचारायचं ते असं. मसाई पठारावर फुलं नेमकी कधी असतात? कुणी ऑगस्ट म्हणतं, कुणी ऑक्टोबर. पठार आधी करायचं की गड? गाडी पठारावर कुठपर्यंत न्यावी? गडावरचं काय वडिलांना झेपेल आणि काय सोडावं? फुलांच्या नावांचाही घोळ आहे, एकाच फुलाला नेटवर तीन-तीन नावं दिसतात. ओळखायची खूण कुणी सांगितली तर बरं होईल.

---

सडेफटिंग:

ताई, तारीख ठरवण्याआधी त्या आधीच्या आठ-दहा दिवसांत पाऊस किती आणि कसा पडलाय ते बघा. मसाई म्हणजे जांभ्याचा सडा, उघड्या सपाट खडकाचं पठार. खडकावर माती कुठं बोटभर, कुठं टाचभर, बऱ्याच ठिकाणी नाहीच. पाणी धरून ठेवायला तिथं काही नाही. चार-पाच दिवस कडक ऊन पडलं की डबकी आटतात आणि त्यांच्या काठची फुलं माना टाकतात. म्हणून एका वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गालिचा असतो आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात नुसतं गवत.

तरीही अंदाज हवा असेल तर पूर्वा नक्षत्र संपत आल्यापासून उत्तरा संपेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते २५ सप्टेंबर. ऑगस्टवाले आणि ऑक्टोबरवाले दोघंही खरं बोलतात, पण ते वेगवेगळ्या फुलांबद्दल बोलतात. पहिल्या पावसावर जून-जुलैत दीपकाडी येते, पांढरी, सडपातळ, कांद्याच्या पातीसारख्या पानांतून वर आलेली. ऑगस्टात गेंद आणि तेरडा सुरू होतो. गौरीला घरात आणतात तोच हा तेरडा. सप्टेंबरात सीतेची आसवं, कवला आणि सोनकी जोरात असतात. ऑक्टोबरात उतारावरची सोनकी टिकते, कारण तिथं माती जास्त. सड्यावरचं मात्र बहुतेक उरकलेलं असतं.

आता खुणा.

गेंद: काडीच्या टोकाला पांढरं बटण, पाकळी अशी दिसत नाही. पाणी साचतं तिथंच घोळक्यानं असतो. लांबून पांढरं धुकं बसल्यासारखं वाटलं की तो गेंद. त्याच्या बऱ्याच जाती आहेत आणि त्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. तेव्हा फोटोखाली नुसतं 'गेंद' लिहा, कुणी भांडणार नाही.

सोनकी: पिवळी, लहान सूर्यफुलासारखी, गुडघ्याच्या आसपास उंची. मधमाश्या भरपूर असतात, तोंड फार जवळ नेऊ नका.

कवला: याला सगळे मिकी माऊस म्हणतात. पिवळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर बुडाशी दोन लाल ठिपके असतात. ठिपके नसतील तर ते दुसरं काहीतरी.

तेरडा: गुलाबी, मागं वाकडी शेपटी. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फुटून बिया उडतात. वडिलांना ही गंमत ठाऊक असणार.

सीतेची आसवं: यासाठी मात्र खाली बसायला लागतं. वीतभर किंवा त्याहून कमी उंच काडी, तिच्यावर निळसर जांभळी दोन ओठांची फुलं, मधोमध पांढरट डाग. पानं शोधाल तर सापडत नाहीत. ही वनस्पती कीटकभक्षी आहे आणि तिचा सापळा चिखलात असतो. मोहरीहून लहान पिशव्या, प्रत्येकीला आत उघडणारं झाकण. पिशवीतलं पाणी बाहेर काढून ती आत पोकळी तयार करून ठेवते. झाकणाजवळच्या केसाला पाण्यातल्या एखाद्या बारीक जिवाचा धक्का लागला की झाकण उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत उरकतं. हे कशापायी, तर जांभ्याच्या मातीत खतपाणी नाही. असलं-नसलं नत्र पावसानं धुऊन नेलेलं असतं, म्हणून ते असं मिळवायचं. तिच्याच शेजारी ओल्या जागी तांबूस, अंगभर चिकट थेंब असलेलं झाड दिसलं तर ते दवबिंदू. तेही किडे खातं, पण उघड्यावर. चिकटलेली चिलटं नुसत्या डोळ्यांना दिसतात.

---

तटबंदी:

गडाचं मी सांगतो. आधी क्रम: पठार सकाळी, गड दुपारी. कारण साधं आहे. सप्टेंबरात दुपारनंतर सर येण्याची शक्यता जास्त, आणि पठारावर डोकं लपवायला जागा नाही. गडावर अंबरखाना आहे, तीन दरवाजा आहे, आत उभं राहून पाऊस बघता येतो. उलट सकाळी सातला गडावर गेलात तर बहुतेक वेळा धुक्यात दोन हातांवरचा बुरूज दिसत नाही.

वाट: कोल्हापूर, शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ. तिथून रत्नागिरी रस्ता सोडून पन्हाळ्याकडं वळायचं. कोल्हापुरातून गड २०-२२ किलोमीटर. पठारासाठी गडावर चढायचंच नाही, पायथ्याच्या बुधवार पेठेकडून म्हाळुंग्याच्या बाजूला जायचं. पठार आटोपून साडेअकराच्या सुमारास निघालात की जेवायला गडावर.

वडिलांसाठी काय झेपेल:

अंबरखाना नक्की. सपाट जागा आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा सगळ्यांत मोठी, तिची साठवण २५,००० खंडी सांगतात. आत शिरलात की आधी वर बघा. सोळा खण, प्रत्येकावर स्वतंत्र घुमटी आणि तिला भोक. धान्य वरून ओतायचं, खालून काढायचं. बाहेरचा जिना छतावर जातो. त्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि पावसात शेवाळ असतं, तेव्हा वडील खालीच बरे.

तीन दरवाजा. गाडी जवळ जाते. आतल्या कमानीवरचं कोरीवकाम निवांत बघण्यासारखं. आदिलशाही बांधणी आणि गणपती दोन्ही एकाच दरवाज्यावर दिसतात, मालक बदलले की काय होतं त्याचा हा नमुना. हाकेच्या अंतरावर अंधार बाव आहे. तीन मजली विहीर, आत सैनिकांसाठी कोनाडे आणि बाहेर पडायला वाट. वेढा घालणारा आधी पाण्यात विष टाकणार, हे गृहीत धरून पाण्यालाच किल्ला बांधलाय. वरचा मजला बघा आणि थांबा. खालच्या पायऱ्या ओल्या, उंच आणि अंधाऱ्या, तिथं गुडघ्याची परीक्षा घेऊ नका.

सज्जा कोठी चालेल, थोड्या पायऱ्या आहेत. स्वच्छ हवा असली तर जोतिबाचा डोंगर समोर येतो. वाघ दरवाजा आणि पराशर गुहा या खेपेला सोडा, दोन्हीकडं उतरणं आहे. पुसाटी बुरूज वेळ उरला तर.

तीन दरवाज्याजवळ झुणका-भाकर आणि दही मिळतं. दोनच्या पुढं गेलात तर रविवारी रांग लागते.

---

चाकावरचा_गडी:

एवढं कशाला अवघड करताय. पठारावर गाडी जाते की. सगळे नेतात, मधोमध उभी करून फोटो काढतात. वडिलांना चालायला लागत नाही, सोय होते.

---

सडेफटिंग:

गाडी जाते, पण न्यायची नाही, आणि याला कारण आहे. टाचभर मातीवरून चाक गेलं की ती दबून घट्ट होते आणि दोन चऱ्या पडतात. पुढच्या पावसात पाणी सड्यावर पसरून थांबायच्या ऐवजी चरीतून वाहून जातं. म्हणजे नुकसान चाकाखालच्या रोपांपुरतं राहत नाही, बाजूचं डबकंही रिकामं होतं. ज्या डबक्यात गेंद आणि आसवं असतात तेच. अशा चाकोरीच्या एका बाजूला फुलं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं गवत, हे तिथं उभं राहून कुणालाही दिसतं. तशात खोलगट जागी लाल चिखल असतो, त्यात छोटी गाडी पोटावर बसते आणि मग ओढायला ट्रॅक्टर शोधा.

मसाई पठार २०२२ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, हेही ध्यानात ठेवा. मळलेल्या रस्त्यावर, कडेला गाडी लावा आणि चाला. सपाटीच आहे, ताईंचे वडील दीड किलोमीटर चालतात म्हणजे प्रश्नच नाही. पठार एकसलग नाही, लहान-मोठे सडे एकाला एक जोडलेत. पहिल्याच सड्यावर निम्मं-अधिक बघून होतं.

आणखी एक. बसायला म्हणून किंवा एकावर एक रचून फोटो काढायला दगड उलटू नका. त्या दगडांखाली बेडूक, पाली, विंचू, देवगांडूळ राहतात. दगड उलटला की खालची ओल जाते.

---

चाकावरचा_गडी:

मग म्हसरं चरतात ती काय उडत जातात का? त्यांच्या खुरांनी माती दबत नाही?

---

धनगरवाट:

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. जनावर उंच गवत खातं. सड्यावरची ही फुलं बोट-दोन बोटं, फार तर वीतभर. गवत माजलं की त्यांना ऊन मिळत नाही. म्हणजे माफक चराई फुलांच्या मदतीलाच येते. चराई पूर्ण बंद करून कुंपण घातलं की फुलं वाढतील हा शहरातला समज आहे. जास्त जनावरं एकाच जागी बसली तर मात्र शेण-मूत साठून मातीत नत्र वाढतं, आणि मग किडे खाऊन जगणाऱ्या झाडांचा तोराच संपतो, तिथं टाकळा आणि इतर तण घुसतं. तेव्हा खूर आणि चाक सारखं नाही. खुराचा ठसा सुटा असतो, त्यात पाणी साचतं. चाकाची चरी सलग असते, तिच्यातून पाणी पळतं.

फुलं उत्तम असताना गुराखी दिसला तर त्याला हाकलायला जाऊ नका. रस्ता त्यालाच विचारा.

---

तटबंदी:

वडिलांना इतिहासात रस आहे म्हटल्यावर थोडं आणखी, कारण इथं गाईड मंडळी बरंच पुढं-मागं करतात.

गड शिलाहार राजा दुसरा भोज याचा, बाराव्या शतकाच्या शेवटी. पुढं यादव, बहमनी, आदिलशाही. अफजलखानाच्या वधानंतर लगेच, नोव्हेंबर १६५९ मध्ये, महाराजांनी घेतला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. तो चार महिने चालला, आणि १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढ पौर्णिमेला, महाराज निसटले. शिवा काशिद पालखीत बसून मुद्दाम सापडला, त्यामुळं मोलाचा वेळ मिळाला. दोघांचे, म्हणजे शिवा काशिद आणि बाजीप्रभू यांचे, पुतळे पन्हाळ्यावर आहेत.

आता घोटाळा कुठं होतो: मसाई पठारावर लढाई झाली असं बरेच जण सांगतात. तसं नाही. मसाई ही वाटेतली मजल. गडाच्या राजदिंडी नावाच्या वाटेनं उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई, कुंभारवाडी, खोतवाडी असं पुढं जात घोडखिंड, जिला आपण पावनखिंड म्हणतो, ती पन्नासेक किलोमीटरवर, विशाळगडाजवळ. ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट.

पठारावर उभं राहून वडिलांना एक दाखवा. जुलैच्या पावसात काळ्या रानात पालखी घेऊन पळणं म्हणजे घोट्याघोट्यानं रुतणं. जांभ्याच्या उघड्या खडकावर पाणी असतं पण पाय रुतत नाही. रात्री, पावसात, पालखीच्या भोयांना घेऊन वेगानं जायचं तर सडा सोयीचा. हा माझा तर्क, पण पायानं तपासता येतो.

गड मग पुन्हा आदिलशाहीकडं गेला आणि ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी कडा चढून परत घेतला. ताराबाईंच्या काळात इथं राजधानी होती, ती १७८२ मध्ये कोल्हापुरात आली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, म्हणून आज नाव आहे, दरवाजा नाही. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ चा. केकावली पाठ असलेले लोकही हे विसरतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला, त्यात पन्हाळा आहे.

एवढं सगळं घडलेलं गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं आहे आणि नगरपालिका राखून आहे, हे मला आवडतं.

---

पंचगंगेकाठ:

सगळ्यांचे आभार. गाडी रस्त्यावरच लावणार. आणखी दोन शंका. फोटोसाठी नेमकं काय घ्यावं? आणि जोराचा पाऊस लागला तर पठार सोडून दुसरं काही आहे का?

---

भिंगवाला:

कॅमेऱ्यापेक्षा आधी बूट. जांभ्यावर हिरवं-काळं शेवाळ असतं, ओल्यात काचेसारखं. जुन्या गुळगुळीत तळाचे बूट घालू नका, खोल खाचांचे रबरी तळ हवेत. वडिलांना एक काठी द्या, खाली रबर असलेली. नुसतं लोखंडी टोक खडकावर घसरतं.

फुलं घोट्याच्या उंचीची आहेत, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत. जाड प्लॅस्टिकची खताची रिकामी पिशवी घ्या, गुडघ्याखाली घ्यायला. ती उघड्या खडकावर अंथरा, गेंदाच्या ताटव्यावर नव्हे. एका फुलासाठी पन्नास झोपवणारे दर रविवारी दिसतात. मॅक्रो असेल तर उत्तम. मोबाइल असेल तर हाताच्या अंतरावरून थोडं झूम करा, फार जवळ नेला की फोकस सुटतो. काड्या वाऱ्यानं हलतात, म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा. सकाळी आठ ते दहा वारा कमी असतो. ऊन लागलं तर साधी पांढरी छत्री धरा, गेंदाचा पांढरा रंग जळत नाही.

वर हवा गार आणि ओली. पन्हाळा ९७७ मीटरवर आहे, कोल्हापूर त्याच्या चारेकशे मीटर खाली. गाडीत एसी लावून गेलात की उतरताच भिंगावर वाफ धरते. शेवटची पंधरा मिनिटं एसी बंद, काचा खाली. पुसत बसू नका, परत धरते.

दुपारी ढग काळे झाले आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं नाही. सप्टेंबरच्या शेवटी हत्तीचा पाऊस सुरू झाला की विजा जास्त, आणि मोकळ्या सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच. छत्री मिटा, गाडीत बसा. एकट्या झाडाखाली नको.

---

सडेफटिंग:

जोराचा पाऊस असेल तर पठार सोडा आणि कोल्हापुरातच शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं उद्यान बघा. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती तिथं जोपासल्यात. पठारावर कंदीलपुष्प शोधायला गवतात दिवस जातो, आणि सापडलं तरी जागा कुणाला सांगू नये, कंद उकरून नेतात. उद्यान बघायला परवानगी लागते का, ते आधी विभागात फोन करून विचारा. रविवार टाळा.

बारीक रिपरिप असेल तर मात्र पठार सोडू नका. गर्दी नसते आणि थेंब धरलेली आसवं तेव्हाच मिळतात. नावाचं कारणही तेव्हाच पटतं.

---

तटबंदी:

रस्त्याचं राहिलं. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत गडावर येणारा रस्ता चार दरवाज्याजवळ खचला होता आणि वाहतूक बंद पडली होती. वरचा जांभा सच्छिद्र, पाणी पितो. खाली मऊ मातीचा थर, तो भिजला की निसरडा होतो आणि वरचं ओझं सरकतं. म्हणून सलग दोन-तीन दिवस झड लागली असेल तर निघायच्या आधी मुक्कामाच्या हॉटेलात फोन करून रस्ता विचारा. घाटात डोंगराच्या बाजूला गाडी उभी करून भजी खात बसू नका, तटाखालच्या बाजूला तर अजिबात नको.

नाक्यावर प्रवासी कर घेतात, सुटे पैसे ठेवा. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सहाला वडिलांना घेऊन तबक उद्यानाकडं फिरायला जा. सपाट वाट आहे, गाड्या नाहीत, आणि धुकं असलं तरी तिथं दूरचं बघायचं काही नसल्यानं बिघडत नाही.

---

धनगरवाट:

पांडवदरा कुणी सुचवला तर ताई, तुम्ही जा, वडिलांना नेऊ नका. पठाराच्या कड्याला कोरलेली बौद्ध लेणी आहेत, बघण्यासारखी आहेत, पण उतरण ओली आणि वाट अरुंद. त्यांना वर मसाईच्या देवळापाशी बसवा, तिथं सावली आहे.